मृत्यू : १९९० पूर्वी

"उत्तर आलंय," डार्लीन म्हणाली, आणि व्हर्नाने कोलाचेंचा, म्हणजे गोड सारणाच्या पावांचा, डबा वाचनालयाच्या टेबलावर जवळजवळ आदळलाच.

"काय लिहिलंय? लवकर वाच. माझा चष्मा गाडीत राहिला."

"थांब गं, पान तर उघडू दे. हा कॉम्प्युटर आपल्याहून म्हातारा आहे."

नेब्रास्कातल्या त्या गावच्या वाचनालयात मागचा कोपरा आपापले पणजोबा शोधणाऱ्यांचा होता. डार्लीन पोकोर्नी तिथे बिनपगारी काम करायची. वंशावळीच्या साइटवर चौकशी कशी टाकायची, याबाबतीत तिच्यापुढे कुणाचं चालत नसे. व्हर्नाचं तर मुळीच नाही. शिवाय व्हर्नाला पणजोबा नको होते. तिला बहीण हवी होती.

महिन्यापूर्वी पहिली चौकशी तिने स्वतःच लिहून आणली होती. शीर्षक होतं, 'मिली, कुठे आहेस?' खाली पानभर मजकूर. आई गेली, बापाने हात टेकले, ऑरेगनला निघालेलं एक जोडपं तीन वर्षांच्या लुडमिलाला, म्हणजे मिलीला, घेऊन गेलं. ती रडायची थांबेना, तेव्हा व्हर्नाने स्वयंपाकघरातून खसखस ढवळायचा लाकडी चमचा आणून तिच्या हातात दिला. मग ती गप्प झाली आणि गाडी निघाली.

डार्लीनने कपाळावर हात मारून घेतला होता. "अगं बाई, ही चौकशी आहे की रडगाणं? नाव, गाव, साल. बस्स. चमचा कोण शोधत बसतं?"

आणि तिने चमचा उडवला. पण उरलेली चौकशीही टिकली नाही. त्या साइटवर जिवंत माणसांची नावं चालत नाहीत, आणि मृत्यूचं साल दिलं नाही तर माणूस जिवंत धरतात. नियम वाईट नाही, भामट्यांपासून लोकांना जपायला केलेला आहे. पण त्या काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, पान सांभाळणारा ॲडमिन दिवसभर डोळ्यांत तेल घालून बसायचा. व्हर्नाची चौकशी त्याने दोनदा काढून टाकली, तीही इकडे कॉफी गार व्हायच्या आत.

"एखादं साल ठोकून दे," डार्लीन म्हणाली होती. "'मृत्यू, १९९० पूर्वी.' सगळे असंच करतात. कुणाचं काही बिघडत नाही."

व्हर्नाला ते अभद्र वाटलं. तरी मनातल्या मनात मिलीची माफी मागून तिने स्वतःच्या हाताने ते टाइप केलं. तिसऱ्यांदा टाकलेली ती चौकशी मात्र टिकली.

आता पान उघडलं. डार्लीन मोठ्याने वाचू लागली.

"'मी गेल, ऑरेगनहून लिहितेय. तुमची चौकशी पाहून छातीत धडधडलं. माझ्या आईचं नाव लुडमिला. साल तेच, काउंटी तीच. पण तुमची बहीण १९९० पूर्वीच वारली, म्हणजे ती ही नव्हे. माझी आई, देवाच्या दयेने, आत्ता माझ्या शेजारी वाटाणे सोलत बसलीय. तिला लहानपणचं काही आठवत नाही. एक जुना लाकडी चमचा तेवढा जपून ठेवलाय, आम्हाला हात लावू देत नाही. आम्ही पुष्कळ शोधलं. आता दर वेळी तिचा जीव वरखाली होतो, म्हणून हे आमचं शेवटचं. यापुढे इथे येणार नाही. तुमच्या बहिणीबद्दल ऐकून वाईट वाटलं.'"

डार्लीनने माउसवरचा हात काढला.

"वाटाणे," व्हर्ना म्हणाली. "वाटाणे थुंकून टाकायची ती." मग एकदम पुढे झुकली. "पत्ता? फोन?"

"नाही. नाव न नोंदवता लिहिलंय. नुसतंच गेल."

"मग त्याखालीच लिही. ती हीच म्हणावं. ती जिवंत आहे म्हणावं. मी खोटं लिहिलं."

"तू कुठे गं, मीच तुला..."

"भांडण मागाहून. लिही!"

डार्लीनने लिहिलं. नाव, गाव, साल सोडून तिने सगळं लिहिलं. चमचा लिहिला, खसखस लिहिली, आई गेली ते लिहिलं, व्हर्नाचा फोन नंबर दोनदा लिहिला. चुका सुधारायलाही ती थांबली नाही. पाठवलं. व्हर्नाने डब्याचं झाकण काढलं, पुन्हा लावलं. कोलाचे तसेच राहिले.

"बघ ना, वाचलं का तिने," व्हर्ना म्हणाली.

"इतक्यात कसं वाचेल?" असं म्हणत डार्लीनने पान पुन्हा उघडलं.

पानावर चौकशी नव्हती. गेलचं उत्तर नव्हतं, डार्लीनचंही नव्हतं. फक्त एक ओळ होती.

"काय झालं? वाच ना."

डार्लीनला वाचवेना. व्हर्नाने तिचा दंड धरला, तेव्हा तिने वाचलं.

"'ही चौकशी व तिच्याखालील सर्व उत्तरे कायमची काढून टाकली आहेत. कारण : संबंधित व्यक्ती जिवंत आहे.'"

"मी त्या ॲडमिनला लिहिते," डार्लीन पुटपुटली, "हातापाया पडते त्याच्या." पण कायमची म्हणजे कायमची, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिचे हात मांडीवरच राहिले.

व्हर्नाने खुर्ची पुढे ओढली.

"शेवटचं काय वाचलंस?"

"कुठलं?"

"ते कारण लिहिलंय ते."

"'संबंधित व्यक्ती जिवंत आहे.'"

"अजून एकदा वाच," व्हर्ना म्हणाली.