बिनवायरचा आवाज

मुलांनो, असं समजा की तुम्ही पाटोद्यात ईश्वरीच्या घरी ओसरीवर बसला आहात. समोर संगणक आहे. त्यात लिनक्स आहे. ही प्रणाली कुणालाही फुकट मिळते, उघडून बघता येते, आणि अडली तर आपणच वाट काढायची असते. शेजारी बिनवायरचा हेडसेट. तो जोडायला नववीतली ईश्वरी सकाळपासून बसली आहे.

हेडसेट तिच्या बसम्मा आजीसाठी होता. भांड्यांच्या दुकानाच्या वाटणीचं बोलणं निघालं, त्या दिवाळीपासून आजीला ऐकू येईना. मांजर दुधाकडे वळलं की मात्र ती पाठमोरी असूनही हटकायची.

"वास येतो तिला," सिद्धारामकाका म्हणायचे.

आपण माइकात बोलायचं आणि ते हेडसेटमधून मोठ्याने आजीच्या कानात पोचवायचं, असा ईश्वरीचा बेत होता.

"सांजच्याला हेडसेट वापस करायचा हाय," बाबांनी, कल्याणरावांनी, बजावलं होतं. "जमलं तरच ठेवू."

पोरीची चिकाटी बघण्यासारखी होती. हेडसेटचं नाव पडद्यावर येईना, तेव्हा तिने टाइप केलेली आज्ञा अक्षर न् अक्षर तपासली. नाव आलं, तर आवाज जुन्या स्पीकरमधूनच निघाला. फोनच्या तारेवरून रखडत येणाऱ्या इंटरनेटवरची मदतीची पानं तिने वाचून काढली. चुकली की स्वतःशीच हसायची. बॅटरी वाचावी म्हणून मधेमधे हेडसेटची कळ बंद करायची.

"कावून एवढा जीव काढतीस?" काकांनी विचारलं.

"आजीशी बोलायचंय. लई दिवस झाले."

ज्वारी निवडणाऱ्या आजीचा हात सुपातच थांबला.

दुपार कलताना हेडसेटवर निळा दिवा लागला आणि ईश्वरीला स्वतःचाच आवाज कानात ऐकू आला. तिने कळ बंद केली आणि सगळ्यांना हाका मारल्या. हेडसेट आजीच्या पदराखाली कानांवर बसवला. मग माइकाशी तोंड नेऊन कुजबुजली, "आजी, भूक लागली."

"फडताळात लाडू हाय," आजी म्हणाली.

सगळे थक्क झाले. बाबांनी लेकीची पाठ थोपटली. "इंजिनेर हाय माझी पोर."

काकांनी माइक ओढून घेतला. "माय, आता ऐकू येतंय ना? मग सांग एकदाचं, दुकान कुणाचं?"

"हां, सांग," बाबाही पुढे सरकले.

आजीने सूप घट्ट धरलं.

तिचा सरकलेला पदर सारखा करायला ईश्वरी वाकली. हेडसेटवर निळा दिवा नव्हता. कळ बंदच होती.

तिने आजीकडे पाहिलं. आजीने नजर खाली वळवली.

ईश्वरीने कळ तशीच राहू दिली आणि पदर नीट पुढे ओढला. "काका, उगं घसा कोरडा करू नका," ती म्हणाली. "ह्याच्यात फक्त माझाच आवाज जातो."