ताटलीतला चिवडा

"मला एकटीला ताटली देऊन जाऊ नका हो," कुलथेकाकू म्हणाल्या. "संपेपर्यंत माझा हात थांबत नाही. पोट दुखलं तरी नाही. मग रडत बसते."

म्हणूनच तर त्या आमच्या मानसशास्त्र विभागात आल्या होत्या. अनावर खाण्याच्या विकारावर माझं संशोधन होतं. तीनशे ग्रॅम चिवडा, बंद खोली, वीस मिनिटं. मी बाहेर थांबायचं आणि उरलेल्याचं वजन करायचं. तीन आठवडे वजन करायला काही उरलंच नव्हतं.

"आज तुम्हीही बसा ना."

"काकू, नियमात बसत नाही."

"समोरच्याला न विचारता खायचं, हे कुठल्या नियमात बसतं?"

मी बसले. त्यांनी आधी मला कागदावर चिवडा वाढला, मग स्वतः घेतला. शेंगदाणे कमी म्हणून मला फैलावर घेतलं. सुनेची नक्कल केली. हसता हसता मला ठसका लागला.

वीस मिनिटं संपली. आजची नोंद रद्द करायला मी पेन काढलं, तेवढ्यात काकूंनी माझा हात घट्ट धरला.

"अगंबाई," ताटलीकडे बघत त्या म्हणाल्या, "उरला की!"