पाळी

वैद्य मियाओबाईंनी युनफांगच्या मनगटावर तीन बोटं टेकवली. मग दुसरं मनगट घेतलं. मग जीभ पाहिली.

तिचा नवरा खुआंग मागे उभा राहून तिच्या वतीने बोलत होता. "अंगाचा नुसता जाळ होतो हिच्या. भर थंडीत खिडक्या सताड उघडते. मी इकडे कुडकुडत मरतो!"

"वयच आहे ते," बाई हसल्या. "पाळी कधी गेली?"

"वसंतात," युनफांग म्हणाली.

बाईंनी औषध लिहून दिलं. ते बांधून घ्यायला खुआंग गल्ल्याकडे गेला. तिथला माणूस भिंतीतले खण उघडून औषधी मुळ्यांचे काप तोलू लागला.

युनफांगने स्टूल पुढे ओढलं.

"बाई, घामाचं राहू द्या. पाळी परत येईल असं काहीतरी द्या."

"अगं, बायका सुटलो म्हणतात! आणि तू पन्नाशी उलटल्यावर..."

"सरकार आपल्याला एकच मूल होऊ देत होतं ना तेव्हा," युनफांग हळू म्हणाली. "एकच झाला. गेल्या हिवाळ्यात पुलाच्या कामावरून पडून गेला."

बाईंचं हसू गेलं. त्यांनी पुन्हा तिचं मनगट धरलं. नाडी पाहायला नव्हे, नुसतंच.

"ते आता होणार नाही, पोरी. कुठल्याच औषधाने नाही. यानं झोप मात्र लागेल."

युनफांगने मान हलवली. बाहीने डोळे पुसून ती उठली.

खुआंग पुड्या घेऊन आला. दाराशी पोचल्यावर त्याने मागे पाहिलं, बाईंना ऐकू जाणार नाही एवढ्या बेताने विचारलं, "कधीपर्यंत येईल म्हणाल्या?"

"काय?"

"तेच गं." त्याचे कान लाल झाले होते. "तू विचारणार हे मला ठाऊक होतं. म्हणून तर मी बाजूला गेलो."

युनफांगने त्याच्याकडे पाहिलं. या वर्षभरात त्याचे केस पार पांढरे झाले होते.

"नेमाने घे म्हणाल्या," ती म्हणाली. "मग बघू."

"मग घेऊ की! मी स्वतः उकळून देईन रोज."

तो लगबगीने गल्ल्याकडे परतला. काढ्याची मातीची भांडी मांडली होती, त्यातलं एक उचलून त्याने नखाने वाजवून पाहिलं.

"याहून जाड द्या," तो म्हणाला. "खूप दिवस चालायला हवं."