कमानीवरची मूठ

पाथरवटानं शिडीवर चढून छिन्नी टेकवली, तेव्हा खाली अख्खं गाव माना वर करून उभं होतं. शाळेच्या कमानीवरची चाबूक धरलेली मूठ आज जायची होती. जुन्या राजवटीची चिन्हं कुठंही दिसता कामा नयेत, असा कायदाच झाला होता. त्या राजवटीनं निम्म्या गावाच्या पोरांना याच दारातून हाकलून दिलं होतं.

मूठ बसवली होती पाथरवटाच्या बापानं. त्यामुळे पाथरवटाला शाळेत कुणी कधी नावानं हाक मारली नाही. सगळे ‘मुठीवाल्याचा’ म्हणत. आता केस पिकायला आले, तरी तो शब्द ऐकला की त्याच्या अंगाचा तिळपापड होई.

“राहू द्या हो,” इतिहासाचे मास्तर म्हणाले. “पुसून टाकलंत तर पोरांना दाखवू काय?”

“पुस्तकात दाखवा,” मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या. “पोरांच्या डोक्यावर कशाला?”

“कडेनं घे रे,” म्हातारा बाप खालून म्हणाला. “हलक्या हातानं.”

“बाबा, गप्प बसा. तुम्ही करून ठेवलंय तेच निस्तरतोय.”

चारचौघांत एवढं ऐकूनही म्हातारा मिशीत हसत होता. पाथरवटानं चिडून हातोडा हाणला. पहिल्याच घावाला मुठीची दोन बोटं खाली पडली. दगड असा पडत नाही. त्यानं तुटल्या जागी बोट फिरवून पाहिलं. चुना होता, दगडाची भुकटी कालवलेला. मग त्यानं कडेनं छिन्नी सारली, तशी सगळी मूठ खपलीसारखी सुटून आली. मागे खऱ्या दगडात दोन पोरं एकाच पाटीवर वाकून बसली होती.

“तुझ्या आजोबांचं काम,” म्हातारा म्हणाला. “त्या राजवटीच्या साहेबांनी ते फोडून मूठ कोरायला सांगितली. बापाच्या कामावर घाव घालू होय? दिलं लिंपून.”

“अहो, ती राजवट जाऊन चाळीस वर्षं झाली,” बाई म्हणाल्या. “बोलला का नाहीत?”

“परत येणार नाही, असं लिहून कुणी दिलं होतं? आता कायदा झाला. म्हटलं, आता उघडायला हरकत नाही.”

मास्तरांनी चुन्याचं एक बोट उचललं आणि रुमालात बांधलं. “दाखवायला,” ते म्हणाले, आणि सगळे हसले.

पाथरवट खाली उतरला. त्याला स्वतःचीच लाज वाटत होती. वर बोट दाखवत तो म्हणाला, “एका पोराला नाक नाहीये, बाबा.”

“घाईत माझ्या हातून तुटलं.” म्हाताऱ्यानं खिशातून कागदाची जुनी पुडी काढून उलगडली. आत बोराएवढा दगड होता. “शिडी धर, मी चढतो. आणि सूनबाईला सांगू नकोस.”

मुठीवाल्याच्या पोरानं दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली.