सव्वादोन मिली

सहावा ठोकळाही गळला.

उद्धवरावांनी पंप बंद केला. खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर रुपयाएवढा ओला डाग उमटला होता. रुक्मिणीबाईंनी तो दारातूनच पाहिला आणि ओठांवरचं नाव तसंच पुढे चालू ठेवलं. सव्वा महिन्यापूर्वी त्यांनी माउलींपुढे मनातल्या मनात बोलून ठेवलं होतं, ह्यांच्या हातचा ठोकळा पाणी धरेल त्या दिवशी अन्न घेईन. तोवर सकाळी कपभर दूध, संध्याकाळी राजगिऱ्याचा एक लाडू. नवस कुणाला सांगायचा नसतो. घरात ‘पित्त झालंय’ म्हटलं की भागत होतं. आता मात्र जिना चढताना कठडा धरावा लागे.

ठोकळा त्यांच्या मुलाच्या, ज्ञानेशच्या कॉम्प्युटरसाठी होता. दहा मिनिटं चालला की तो तापून आपोआप बंद पडायचा. प्रोसेसरवर तांब्याचा ठोकळा बसवायचा, त्याच्या आत नागमोडी वाटा, त्या वाटांनी फिरणारं पाणी उष्णता घेऊन जाणार. ड्रॉइंग ज्ञानेशनं स्वतः काढलं होतं. “बाबा, एवढा एक पीस काढून द्या ना.”

“ओव्हरटाइम संपू दे,” बाबा म्हणाले होते. त्याच आठवड्यात निघोज्याच्या वळणावर ज्ञानेशची गाडी ट्रकखाली गेली.

पुढे उद्धवराव रिटायर झाले आणि पोराच्या खोलीत शिरले ते शिरलेच. जेवण तिथंच, झोप तिथंच. कानशीचा आवाज थांबला की आतून हळू बोलणं ऐकू येई. “हो रे, करतो,” असं एकदा स्पष्ट ऐकलं, तेव्हा रुक्मिणीबाईंच्या हातातली समई कलंडली होती. ठोकळा एकदा जमू दे, मग हे बाहेर येतील, एवढंच त्यांचं मागणं.

खालच्या गाळ्यातला नवनाथ वर आला होता, तो दारातून डाग पाहून आत शिरला. त्याच्याच मिलिंग मशीनवर उद्धवराव काम करत, पण ड्रॉइंग कुणाला दाखवत नसत. आज ते टेबलावर उघडं राहिलं होतं. नवनाथ वाकला आणि हसलाच.

“आवो काका, खाच सव्वादोन मिली खोल, अन् त्यात बसायची रबरी रिंग दोन मिलीची! ती दबणार कशी? असले शंभर काढा, गळणारच. बत्तीस वर्षं टूलरूममदी घातली तुमी, येवढं दिसलं न्हाई?”

“पहिल्याच दिवशी दिसलं.”

“मग?”

“ड्रॉइंग आपल्या मनानं बदलायचं नसतं, नवनाथ. ज्यानं काढलं, त्याची सही लागते.”

नवनाथचं हसू मावळलं. मग तो चिडलाच. “अन् काकूंचं काय? सव्वा महिना अन्न सोडलंय त्यांनी, तुमचं गळायचं थांबावं म्हणून. सांगत न्हाईत, पर नवस हाय ह्यो, आमच्या घरवालीनं, पुनमनं वळखलंय.”

उद्धवरावांनी मान वर केली. कित्येक महिन्यांनी त्यांनी बायकोकडे नीट पाहिलं. दाराला धरलेल्या हातातल्या बांगड्या पार कोपरापर्यंत घसरल्या होत्या. त्यांनी ड्रॉइंग तिच्यापुढे सरकवलं, वर पेन्सिल ठेवली.

“तू आई आहेस त्याची. तू खोड. दीड मिली लिही आणि खाली सही कर. उद्या जेवशील तू.”

रुक्मिणीबाई आत येऊन खुर्चीवर टेकल्या. पेन्सिल हातात घेतली. २.२५. आकड्यातले तिन्ही अंक ज्ञानेशच्याच हातचे, दोन्ही दोनांच्या शेपटीला छोटी गाठ. दुसरीत बाईंनी छड्या मारल्या, तरी पोरानं ती गाठ घालायची सोडली नव्हती. पेन्सिलीचं टोक पहिल्या गाठीवर आलं आणि तिथंच राहिलं.

काहीच न खोडता त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. पदरानं ठोकळ्यावरचं पाणी हलकेच टिपून घेतलं, तापातल्या लेकराचं कपाळ टिपावं तसं.

“नवनाथ,” त्या म्हणाल्या, “तांब्याचा अजून एक तुकडा लागेल बाबा.”