ज्युनिपरचं वाण

हम्बोल्टच्या डोंगरातल्या वणव्यात लोरेटाचा गांजाचा मळा जळाला. वारलेल्या लेकीनं, ज्युनिपरनं घडवलेल्या वाणाचं एकच मादी झाड उरलं. होरपळलेल्या त्या झाडाला आपसूक नरफुलंही फुटली.

"आता स्वतःचंच बी धरेल बघ. पोरीचं वाण जगेल!" लोरेटा हरखली.

"आणि पराग उडून माझं पीक बियांनी भरेल, त्याचं काय?" शेजारचा वेंडेल करवादला. "बियांच्या मालाला कुत्रं तरी हुंगेल का? उपट आजच."

खोऱ्याची रीतच होती ती. रडत रडत तिनं झाड मुळासकट उपटून जाळलं.

महिन्याभरानं वेंडेलनं तिच्या तळहातावर आपली फुलं चुरडली. बियाच बिया.

"तुझ्या झाडानं आधीच पराग उधळले होते, बाई. बुडालं माझं पीक."


"माफ कर रे," ती म्हणाली. पण बियांवर मिटलेली मूठ काही तिला उघडवेना.