कॉफीची चकती

तंजावुरात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या जयतीर्थांना पाण्यातून हायड्रोजन काढणारा उत्प्रेरक हवा होता, कामाला प्लॅटिनमसारखा आणि किमतीला पातेल्यासारखा. सहा वर्षं काही जमलं नाही. एके दिवशी वैतागून त्यांनी घरच्या कॉफी फिल्टरची भोकाभोकांची स्टीलची चकती विजेच्या तारेला अडकवून पाण्यात सोडली, तर असे बुडबुडे सुटले की प्लॅटिनमने मान खाली घालावी!

वीस वर्षं झिरपलेल्या कॉफीचा थर, हेच त्यामागचं गुपित, असं त्यांनी छातीठोकपणे जाहीर केलं. प्रकल्पाला पैसे देणाऱ्या समितीचे तज्ज्ञ म्हणाले, "सहा महिन्यांत दुसऱ्या चकतीवर करून दाखवा, नाहीतर प्रकल्प बंद."

प्रयोगशाळेत चाळीस नवे फिल्टर आले. कॉफी अस्सल हवी, चिकोरीच्या भाजलेल्या मुळांच्या स्वस्त पुडीची भेसळ कणभरही चालणार नाही, अशी ताकीद गेली. विद्यार्थी दिवसभर कॉफी गाळत आणि जयतीर्थ प्रत्येक पेला चाखून पास-नापास करत, कारण कॉफीची पारख त्यांच्यासारखी कुणालाच नाही, हे त्यांनीच सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. बुडबुडे मात्र जेमतेम.

मुदतीच्या आदल्या संध्याकाळी ते बायकोसमोर हात टेकून बसले. "कृष्णवेणी, तुझ्या फिल्टरमध्ये असं आहे तरी काय गं?"

तिने वाफाळता पेला पुढे सरकवला.

"अय्यो, अहो, वीस वर्षांपूर्वी डॉक्टरांनी कॉफी सोडा म्हटलं आणि तुम्ही ऐकेनात, तेव्हापासून मी नुसती चिकोरीच घालते. म्हटलं, तुम्हाला कळलं की थांबवीन."